बँडवाल्यांना तालमीला बोलवा

पुष्य बहुल पंचमीच्या आराधनेसाठी मी या वर्षी तिरुवैयारूला होते. पंचमीच्या सकाळी कावेरीकाठी त्यागराजांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक पंचरत्न कृती एकत्र गातात, ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बाकीच्या दिवसांत मंडपात एकामागून एक कलाकार येतात, प्रत्येकाला थोडीशी मिनिटं मिळतात आणि खालची माणसं येत-जात, कॉफी पीत, मांडीवर ताल धरत ऐकत राहतात. अशाच एका दुपारी एका तरुण गायिकेनं पुन्नागवराळीतलं गाणं घेतलं, गोपी कृष्णाला गंध लावतात ते. शेजारी बसलेले वयस्क गृहस्थ डोळे मिटून ताल देत होते. गाणं संपल्यावर मी मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "हे नाटकात कुठे येतं? वादळानंतर ना?"

"कुठलं नाटक?" ते म्हणाले. "ही कृती आहे."

त्यांना संगीत कळत नव्हतं असं कुणी समजू नये. माझ्यापेक्षा शंभरपट कळत होतं. पण ते गाणं 'नौकाचरित्रमु' या त्यागराजांच्या तेलुगू संगीत नाटकातलं आहे, तिथे ते विशिष्ट पात्रांच्या तोंडी विशिष्ट प्रसंगानंतर येतं, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. ती पोचवण्याची गरज मधल्या पावणेदोनशे वर्षांत फारशा कुणाला वाटली नाही.

हा लेख त्या गृहस्थांविषयी नाही, आपल्याविषयी आहे. त्या दुपारी मला आठवत होती आमच्या नाटकाची भानगड.

मी जर्मनमधून मराठीत भाषांतरं करते. काही काळापूर्वी एका नाट्यसंस्थेनं माझ्याकडून एक गाण्यांचं नाटक करून घेतलं. संगीतासाठी मी एका रॉक बँडमधल्या गीतकार-गायकाचं नाव सुचवलं. बैठकीत एका ज्येष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या: "बँडवाल्यांचं काम नाही हे. नाट्यसंगीताला परंपरा आहे." दुसऱ्या बाजूला एक उत्साही निर्माते होते. त्यांना बँड हवाच होता, कारण त्यामुळे कॉलेजची मुलं तिकिटं काढतील. दोन दिवस वाद झाला. मी निर्मात्यांच्या बाजूनं हिरीरीनं भांडले. आज वाटतं, दोन्ही बाजू सारख्याच चुकत होत्या आणि माझी चूक त्याहून वाईट होती.

आधी परंपरेचं बघू. मराठी माणसानं हा शब्द काढला की मी तंजावरकडे बोट दाखवते. तिथले भोसले राजे नाटक लिहायचे तेव्हा पुण्यात संगीत नाटकाचा पत्ता नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीला शाहजी राजांनी 'लक्ष्मीनारायण कल्याण' मराठीत लिहिलं, तेलुगूत पालखीसेवेचे प्रबंध लिहिले आणि 'पंचभाषाविलास' नावाच्या नाटकात पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. पुढे दुसऱ्या सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली. कुरवंजी हा अस्सल तमिळ प्रकार, भविष्य सांगणाऱ्या डोंगरी कुरत्तीचा. सरफोजींनी तो मराठीत आणला आणि त्या कुरत्तीच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला. याच राजाच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. साधारण त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या आणि व्हायोलिन कर्नाटक संगीतात येऊन घरचंच झालं. उलट दिशेनं आपल्या कीर्तनातली साकी-दिंडी तंजावरमार्गे तमिळ हरिकथेत गेली, ती आजही तिथे आहे. तेव्हा 'बाहेरचं वाद्य', 'बाहेरची चाल' या तक्रारी मराठी रंगभूमीच्या नावानं करणाऱ्यानं आधी आपलं घर कुठवर पसरलं होतं ते बघावं.

पुण्याकडे आलं तरी गोष्ट तीच. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली उभं राहिलं ते साकी, दिंडी, लावणी, कीर्तन आणि कर्नाटकी चालींच्या जोरावर. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला चाली दिल्या त्या गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे हे मैफिलीतले पेटीवादक. भास्करबुवा बखले, ज्यांनी १९१६ साली 'स्वयंवर' सजवलं, ते तर नावाजलेले ख्यालगायक. म्हणजे ज्याला आपण शुद्ध नाट्यसंगीत म्हणतो ते बाहेरून बोलावलेल्या मैफलवाल्यांनी घडवलं. १९११ सालच्या रसिकाच्या दृष्टीनं टेंबे हे बँडवालेच.

पण इथेच माझी निर्मात्यांबरोबरची मैत्री संपते. टेंबे आणि बखले यांनी रंगभूमीवर जे आणलं त्याचं पुढे काय झालं? गाणी इतकी देखणी झाली की नाटक त्यांच्यासाठी थांबायला लागलं. वन्स मोअर. नायिका दुःखात आहे, पण पद तीनदा झाल्याशिवाय ती पुढचं वाक्य बोलू शकत नाही. बालगंधर्वांचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाला भामिनीचा अहंकार उतरतो की नाही याच्याशी कर्तव्य उरलं नाही. पुढे पदं नाटकातून सुटली आणि 'नाट्यसंगीत' नावाचा स्वतंत्र मैफिलीचा प्रकार झाला. आज तो दिवाळी पहाटेला छान रंगतो. पदाआधी निवेदिका नाटकाचं नाव सांगते, वर्ष सांगते, पण ते पद कोण कुणाला का म्हणतं ते सांगत नाही. तिरुवैयारूचे गृहस्थ आणि दिवाळी पहाटेतले आपण एकाच ओळीत बसलेले आहोत.

पाहुणा संगीतकार येताना आपली मैफल बरोबर आणतो. रॉकवालाही आणणारच. आणि रंगभूमीचा माणूस त्याला ती बाहेर ठेवायला सांगत नाही, कारण त्यालाच तिची हाव असते.

जगात याची उदाहरणं भरपूर आहेत. पॉल सायमनइतका मोठा गीतकार विरळा. त्याचं 'द केपमन' १९९८ साली ब्रॉडवेवर ६८ प्रयोगांत बंद पडलं. यूटूच्या बोनो आणि द एज यांनी 'स्पायडर-मॅन'ला संगीत दिलं, २०११ साली ते अधिकृतपणे सुरू होण्याआधी १८० हून अधिक पूर्वप्रयोग झाले आणि तरीही ती गाणी नाटकात मिसळली नाहीत. आता दुसरी बाजू. अनाइस मिचेल ही लोकसंगीताच्या वळणाची स्वतंत्र गायिका-गीतकार. तिचं 'हेडिसटाउन' २००६ साली व्हरमाँटमध्ये छोट्या प्रमाणावर झालं, २०१० साली अल्बम झाला, २०१६ साली न्यूयॉर्कच्या एका लहान थिएटरात आलं आणि ब्रॉडवेवर पोचलं २०१९ साली. तेरा वर्षं. या काळात गाणी बदलली, गळली, नवी आली, कारण ती रंगमंचावर उभी करून पाहिली जात होती. डंकन शीकनं 'स्प्रिंग अवेकनिंग' करताना वेडेकिंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मुलांच्या हातात माइक दिला. मुलं एकमेकांशी बोलतात ते जुन्या काळात, गातात ते फक्त स्वतःशी, आजच्या रॉकमध्ये. आईबापांना न सांगता येणारं सगळं त्या गाण्यांत जातं. तिथे रॉक का, याचं उत्तर नाटकातच आहे.

मराठीतही असं उत्तर एकदा मिळालं होतं. १९७८ साली थिएटर अकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' केलं. ब्रेख्तच्या नाटकातला गुन्हेगार नायक इथे अंकुश झाला आणि तो उभा केला नंदू भेंडे यांनी. भेंडे रॉकमधले, पाश्चात्त्य बँडमधून गायलेले, अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास केलेले. घरात आत्माराम आणि आशा भेंड्यांचं नाटक होतं हेही खरंच. अंकुशच्या तोंडी तो पाश्चात्त्य बाज आणि त्याच नाटकात एकीकडे नाट्यसंगीताचा, दुसरीकडे तमाशाचा ढंग. कोण कसं गातं यावरून कोण कुठल्या थरातला, कोण काय असल्याचा आव आणतो, ते कळत होतं. रॉक तिथे शोभेला नव्हता, ती एका माणसाची बोली होती. पण त्या वाटेनं पुढे किती जण गेले? नंदू भेंड्यांचं नाव निघालं की आपण कौतुकानं 'वेगळा प्रयोग' म्हणतो. मराठीत 'वेगळा प्रयोग' म्हणणं म्हणजे बऱ्याचदा फाइल बंद करणं.

आता माझी चूक. आमच्या त्या नाटकासाठी बँडवाला शेवटी आला, पण प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना. मी त्याला चार गाण्यांचे शब्द पाठवले. यमकं जुळवलेले, मात्रा मोजलेले, स्वतःवर खूश होऊन केलेले. संहिता पाठवली नाही. "अजून फायनल नाही," असं म्हणाले होते मी. त्यानं घरच्या स्टुडिओत चारही गाणी केली, ट्रॅक पाठवले, नटांनी ते पाठ केले. चारही गाणी सुंदर होती. आणि चारही वेळा नाटक थांबलं. तिसऱ्या गाण्यात एक बाई घर सोडायचं ठरवते. गाण्याच्या सुरुवातीला ती जितकी ठाम होती तितकीच शेवटीही होती. मधल्या चार मिनिटांत तिचं काहीच झालं नाही. ते कडव्याकडव्यानं घडायला हवं होतं, आणि ते माझ्या शब्दांतच नव्हतं. मूळ जर्मनमध्ये दुसऱ्या कडव्यात क्रियापद बदलतं, 'जाईन'चं 'जायला हवं' होतं. मराठीत यमक जुळेना म्हणून मी ते तसंच ठेवलं होतं. समीक्षकांनी दोष बँडवर टाकला. मी गप्प बसले.

'नौकाचरित्रमु'कडे परत जाते ते याचसाठी. त्यागराजांना राजाश्रय चालत नव्हता. परंपरा सांगते की सरफोजींचं बोलावणं त्यांनी नाकारलं. आजच्या शब्दांत ते इंडी. मोठमोठ्या रागांतल्या अवघड रचना करणारा हा माणूस नाटक लिहायला बसला तेव्हा त्यानं बरीच गाणी हलक्या, लोकांच्या ओठांवर बसतील अशा चालीत केली. कथा भागवतात सापडत नाही. गोपी यमुनेत नाव घेऊन निघतात, हा पोरगा ती काय वल्हवणार म्हणून कृष्णाला हसतात, मग आपल्या रूपावर तो भुलला आहे अशा तोऱ्यात येतात. सारंगातलं नौकाविहाराचं गाणं त्या तोऱ्याचं. मग वादळ, नावेला भोक. कृष्ण म्हणतो, तुमची वस्त्रं कोंबा त्यात. लाज जाते, गर्व जातो आणि शेवटी त्यांना स्वतःच्या जिवापेक्षा त्या पोराची काळजी लागते. त्यानंतर गंधाचं गाणं. आधी हसणाऱ्या त्याच बायका, पण आता पुन्नागवराळीत, गारुड्याच्या पुंगीजवळच्या त्या रागात. वादळ माहीत नसेल तर ते गाणं नुसतं गोड लागतं. वादळ माहीत असेल तर त्यात ओल्या कपड्यांचा वास येतो.

माझी मागणी म्हणून साधी आहे. बँडवाल्याला, इंडी गायिकेला, रॅप करणाऱ्या मुलाला शब्द पाठवू नका, संहिता पाठवा. पहिल्या वाचनाला बोलवा, संहिता कच्ची असतानाच. तालमीचे पैसे द्या, ट्रॅकचे नव्हे. वादक मंचावर ठेवता येत नसतील तर निदान तालमीत ठेवा, म्हणजे नटाचा श्वास आणि ठेका एकमेकांना भेटतील. भाषांतरकारालाही तिथे बसवा, कारण यमक आणि क्रियापद यांतलं काय सोडायचं हे टेबलावर कळत नाही. आणि संगीतकारानं एखादं गाणं काढून टाकायला सांगितलं तर ते ऐका. परंपरेच्या ज्येष्ठांनी या सगळ्याला खुशाल हरकत घ्यावी, पण ती तालमीत येऊन घ्यावी. २०१७ सालचं 'संगीत देवबाभळी' दोनच अभिनेत्रींच्या आवाजावर उभं राहिलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. प्रेक्षक येत नाही ही सबब त्यामुळे निर्मात्यांनी जरा जपून वापरावी.

तिरुवैयारूहून निघण्याआधी, मराठा राजांच्या काळच्या पुष्य मंडपाच्या पायऱ्यांवर बसून मी त्या बँडवाल्याला फोनवर नावेची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "भोक पडतं तेव्हा त्या गात असतात का बोलत असतात?"

मला हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी हवा होता. नव्या नाटकाची संहिता अजून अर्धीच झालीय. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर ती तशीच त्याला पाठवली.