फाईल जाळू नका!

परवा हळदीकुंकवाला ओळखीच्या एका वहिनी हळूच म्हणाल्या, "मुलीची जुनी फाईल जाळून टाकली. स्थळं यायला लागलीत, कुणाच्या नजरेला नको पडायला."

मुलगी सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. तो मेंदूत पसरू नये म्हणून डोक्याला रेडिएशन, म्हणजे आपण 'शेक' म्हणतो तो, दिला होता. आज पोरगी ठणठणीत आहे. वहिनींची भीती मला कळते. पण फाईल जाळली, हे चुकलंच.

लहानपणी डोक्याला शेक घेतलेल्यांना दहा-वीस, कधी तीस वर्षांनीही मेंदूच्या आवरणात गाठ किंवा गळ्यातल्या थायरॉईडचा कर्करोग होऊ शकतो. हा जुना आजार उलटणं नव्हे, नवाच आजार. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात हजारो मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर क्ष-किरणांचा उपचार झाला. पुढे त्यांच्यात अशा गाठी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. १९७४ मध्ये तिथल्या संशोधकांनी हे जगापुढे मांडलं, आणि १९९४ मध्ये भरपाईचा कायदा झाला.

मग शेक वाईट का? नायट्यासाठी जीव धोक्यात घालणं वेगळं आणि कर्करोगातून जीव वाचवणं वेगळं. ही पोरगी त्या उपचारांनीच वाचली. शिवाय दुसरा आजार सगळ्यांना होत नाही, बहुतेकांना होतच नाही. पण झालाच तर वेळेवर कळायला हवा ना! मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ मध्ये वेगळा दवाखाना सुरू झाला, तो यासाठीच.

लग्नानंतर गाव बदलतं, डॉक्टर बदलतात. डोकं सतत दुखतंय, फिट आली, नजर अंधुक झाली, गळ्याला गाठ लागली, तर नव्या डॉक्टरांना जुनं कसं कळणार? कुठे, किती शेक दिला, हे त्या कागदांवरच असतं. फाईल हरवली असेल तर उपचार झालेल्या हॉस्पिटलात जाऊन नोंदींची प्रत मागा. आणि मुख्य म्हणजे मुलीला सगळं सांगा. शरीर तिचं आहे. सासरी काय, कधी सांगायचं, तेही तिच्याशी बोलूनच ठरवा.

फाईल रुखवतात मांडू नका हवं तर. पण तिच्या बॅगेत, साड्यांच्या खाली, आठवणीने ठेवा.