मांजराला पळवाट हवी

मांजराचं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येतं. हॉलच्या मधोमध खोकं उघडतं आणि घरातली, शेजारची मिळून पाच-सहा मुलं भोवती कडं करून बसतात. "मला दे ना!", "आता माझी पाळी!", "शेपटी बघ कशी फुगली!" मोठी माणसं कौतुकाने मोबाइलवर व्हिडिओ काढत असतात. शेपटी फुगली म्हणजे पिल्लू घाबरलंय, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात येत नाही. पिल्लू सोफ्याखाली शिरतं, एक चिमुकला हात त्याच्या मागोमाग आत जातो आणि मनगटावर लाल रेघा उठतात. पहिल्याच संध्याकाळी ते 'ओरबाडणारं' ठरतं. कधी कधी आठवड्याभरात पिशवीत घालून मंडईच्या मागे सोडलंही जातं. प्राण्याला असं उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

यात दोष पिल्लाचा नाही आणि मुलाचाही नाही. पिल्लाला निसटायला जागा ठेवली नाही, ती मोठ्यांनी.

मांजर शिकारी असलं तरी अंगाने लहान आहे, मोठ्या प्राण्यांच्या तावडीत ते स्वतःही सापडू शकतं. त्यामुळे भीती वाटली की पळणं, लपणं हा त्याचा पहिला मार्ग. तो बंद झाला की नखं बाहेर येतात. म्हणून नव्या मांजराला पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. वन बीएचकेत तेवढी सोय नसेल तर बेडरूमचा कोपरा चालतो. तिथे खाणं-पाणी, त्यापासून दूर वाळूचा ट्रे, एक आडवं ठेवलेलं खोकं आणि कपाटावर चढून बसायची मुभा. खोक्यात किंवा कपाटावर बसलेल्या मांजराला हात लावायचा नाही, हा घरातला पक्का नियम. तो पाहुण्यांच्या मुलांनाही लागू.

मुलांनी मग करायचं काय? जमिनीवर बसायचं आणि वाट बघायची. झुरिक विद्यापीठातले डेनिस टर्नर यांनी माणूस आणि मांजर यांच्या वागण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला. मांजर आपणहून जवळ आलं तर ते जास्त वेळ रमतं, माणसाने पुढाकार घेतला तर लवकर निघून जातं, असं त्यांना आढळलं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलेली गोष्ट तर मुलांना खेळासारखीच वाटेल. मांजराकडे पाहत डोळे बारीक करून हळूच मिटले की मांजरही तसंच करतं आणि जवळ यायला जास्त राजी होतं. जवळ आलं की गालावरून, हनुवटीखाली दोन-तीनदा हात फिरवायचा आणि थांबायचं. त्याने पुन्हा डोकं घासलं तर आणखी, नाहीतर पुरे. पोट आणि शेपटी वर्ज्य. शेपटी जमिनीवर आपटू लागली, कान मागे पडले, पाठीची कातडी थरथरली की हात काढून घ्यायचा.

तीन वर्षांच्या मुलाला या खुणा कळणार नाहीत आणि कळाव्यात अशी अपेक्षाही करू नये. पाच वर्षांखालचं मूल आणि मांजर एकत्र असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, दुसऱ्या खोलीतून लक्ष ठेवणं उपयोगाचं नाही.

वाढदिवसाची भेट म्हणून महिन्याभराचं पिल्लू आणण्याची हौस तर सोडूनच द्यावी. पिल्लाला माणसांच्या हाताची सवय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात सगळ्यात सहज लागते, हे खरं. पण किती जोरात चावायचं नाही हे ते आई आणि भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं, म्हणून निदान आठ आठवडे, शक्य तर बारा, ते आईजवळ राहायला हवं. लहान मुलांच्या घरात तर दोन-तीन वर्षांची, माणसाळलेली, शांत भाटी किंवा बोकाच बरा. त्यांचा स्वभाव आधी पारखता येतो.

"बाळाजवळ मांजर नको गं" असं आजी म्हणते, तेव्हा तिचं म्हणणं उडवून लावू नये. तसं परंपरेत बाळाचं आणि मांजराचं वैर नाही: जन्मानंतर सहाव्या रात्री पूजली जाणारी सटवाई म्हणजे षष्ठी, आणि बंगालात त्या षष्ठीचं वाहनच मांजर. पण तान्हं बाळ कूस बदलू शकत नाही आणि मांजराला ऊब हवी असते. बाळ झोपलं की त्या खोलीचं दार लावून घ्यावं.

घरातल्या आणखी काही गोष्टी उचलून ठेवायला हव्यात. मुलांच्या तापासाठी हाताशी ठेवलेलं पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. राखीचा दोरा, पतंगाचा मांजा, केसांचं रबर गिळलं तर आतडी आवळली जातात.

आणि रेबीज. तो मांजरांनाही होतो. तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसे डोस, यात टाळाटाळ नको. पुणे महापालिकेने २०२२ साली कुत्र्यांसारखी मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली, तो निर्णय योग्यच आहे. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून बारीक दिसते पण खोल जाते आणि लवकर चिघळते. चावा असो की ओरखडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. माणसांसाठीची रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

मोठा धोका असतो तो न दाखवलेल्या ओरखड्याचा. आई रागावेल, मनीला सोडून येतील, या भीतीने मुलं बाही खाली ओढून घेतात. म्हणून मांजर घरात येईल त्याच दिवशी मुलांना सांगून ठेवावं, की लागलं तर लगेच दाखवायचं, कुणी ओरडणार नाही आणि मनीही इथेच राहील. आणि दाखवल्यावर खरोखरच कुणी ओरडू नये.