एचएमटी, पण घड्याळ नव्हे

दादरच्या आमच्या वाण्याच्या दुकानात तांदळाच्या पोत्यात पुठ्ठ्याची पाटी खोचलेली असते: 'एचएमटी कोलम'. एकदा त्याला विचारलं, एचएमटी म्हणजे काय रे? म्हणाला, "कंपनी असेल, काका. घड्याळवाली." मी मान डोलावली आणि पिशवी उचलली. माझ्यासारख्या शहाण्यांचं पाप इथूनच सुरू होतं.

घड्याळ खरं, कंपनी खोटी. हा वाण दादाजी खोब्रागड्यांचा. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. शिक्षण तिसरी, जमीन दीड एकर. 1983च्या सुमारास 'पटेल 3' धानाच्या पिकात त्यांना काही पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं पेरून पारखल्या. लोकांच्या मनगटावर तेव्हा एचएमटी घड्याळ होतं. व्यापाऱ्यानं तेच नाव धानाला चिकटवलं. 1994मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रानं पाच किलो बियाणं 'प्रयोगासाठी' नेलं, असं दादाजी सांगत. 1998मध्ये त्याच विद्यापीठाचा 'पीकेव्ही एचएमटी' आला. शुद्धीकरण आम्ही केलं, असं विद्यापीठ म्हणालं. माझं श्रेय कुठं, असं दादाजी विचारत राहिले. शेतकऱ्याला वाणावर हक्क देणारा कायदा आला 2001मध्ये, म्हणजे वाण गावोगाव पोचल्यावर. राज्य सरकारनं त्यांना सुवर्णपदकही दिलं. नड आली तेव्हा विकायला काढलं, तर सोन्यातच खोट! 3 जून 2018ला दादाजी गेले.

आता लोअर परळला या. जिथं आमच्या वडिलांचे साचे धडधडायचे, तिथं काचेच्या दारांवर 'इनोव्हेशन' लिहिलंय. आत काय, तर आमटी-भाताचा डबा दहा मिनिटांत घरी कसा पोचवायचा याचं सादरीकरण. डब्यातला भात कुणी शोधला, हा प्रश्न त्यात बसत नाही. पेटंट कार्यालयसुद्धा पूर्वी इथंच, सन मिल कंपाउंडात होतं. कल्पकतेचे नकाशे निघतात तेव्हा मुंबई, पुणे, बंगळुरू लखलखतात आणि चंद्रपूर अंधारात. का नसेल? नकाशा मोजतो अर्ज. अर्जाला लागतो वकील, वकिलाला फी, आणि फी भरायला दीड एकर पुरत नाही.

"तिकडे हुशारीच कमी," असं म्हणणाऱ्याला मी परळच्या हाफकिन संस्थेच्या फाटकाशी नेतो. जानेवारी 1897मध्ये हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. शहर प्लेगनं हादरलेलं, मरण साहेबाच्याही दाराशी आलेलं. मग 1899मध्ये सरकारनं परळचा गव्हर्नरांचा जुना बंगलाच प्रयोगशाळेला दिला. अक्कल काही परळच्या पाण्यात नव्हती. इथं बंगला मिळाला. नागभीडला पदक मिळालं, तेही खोटं.

तेव्हा मुंबईकरांनो, 'मागास विदर्भ' म्हणताना तोंडातला घास आधी गिळा. तो तिथलाच आहे.

परवा वाण्याला हे सगळं सांगितलं. पाटीवर निदान नागभीड लिही, म्हटलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"लिहितो की. काका, किती देऊ, पाच किलो?"

मी पिशवी पुढं केली.