संडास तुंबला तर आधी काय पाहावे?

पाऊस लागला की नदीकाठच्या गावांत संडास तुंबू लागतात. उंब्रज हे कृष्णा आणि तारळीच्या संगमावरचे गाव. अशा ठिकाणी पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, शोषखड्डा पाणी पिईनासा होतो आणि घरातले भांडे भरून राहते. पण दर वेळी दोष खड्ड्याचा नसतो. म्हणून माणूस बोलावण्याआधी चार गोष्टी आपण घरीच पाहाव्यात.

प्रथम बादलीभर पाणी कमरेच्या उंचीवरून एकदम ओता. तांब्या-तांब्याने ओतलेल्या पाण्याला जोर नसतो. सगळे सरसर गेले तर बिघाड नाही, पाणी कमी पडत होते. खेड्यातल्या उताराच्या भांड्याखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, २० मिलिमीटर पाणी उभे राहते. त्याला दीड-दोन लिटर पुरते. शहरी भांड्याच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर असते, त्याला पाणी जास्त लागते. दुकानातले चकचकीत भांडे आणायचे आणि वर तांब्या ओतायचा, हे जमत नाही. फ्लशची टाकी असेल तर झाकण काढून पाहा. बहुधा तरंगता गोळा अडकलेला असतो, नाहीतर तळाचा वॉशर झिजलेला असतो.

पाणी वर चढून हळूहळू उतरत असेल तर ट्रॅपमध्ये काहीतरी अडकले आहे. पुडीचा कागद, चिंधी, सॅनिटरी पॅड, पोराचे खेळणे. रबरी पंप भोकावर बसवून वर-खाली जोर द्या. पंप नसेल तर जुन्या झाडूला चिंध्या गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, तेही चालते. उकळते पाणी ओतू नका, भांड्याला तडा जातो. ॲसिड तर नकोच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा संडासात तो जिवावर बेततो. (हे काम घरातल्या सुनेचेच, असे समजणाऱ्या बापयांनीही पंप हातात घ्यावा. संडास सगळेच वापरतात.)

एवढ्याने भागले नाही तर बाहेरच्या चेंबरचे झाकण उचला. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घर आणि चेंबरच्या मध्ये आहे. तिथे बांबूची लवचीक कामटी घालून मोकळे करता येते. चेंबर भरलेले असेल तर अडथळा पुढे आहे. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर चेंबरमधले एक तोंड बंद करून दुसरे उघडा. भरलेला खड्डा दोन वर्षे तसाच ठेवला की त्याचे खत होते, आणि ते उपसायला कोणाची घाण वाटत नाही.

सेप्टिक टँकची गोष्ट मात्र वेगळी. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. ती भरली की अनेक घरांत एखाद्या गरीब मजुराला दारूचे आणि पैशाचे आमिष दाखवून आत उतरवतात. हे आम्हाला पाहवत नाही. टाकीतल्या वायूला आधी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाला वासही कळेनासा होतो. पहिला वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. आत उतरणारा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

२०१३ च्या कायद्याने, जो त्याच वर्षी ६ डिसेंबरला लागू झाला, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. माणूस मात्र परत येत नाही.

तेव्हा टाकी भरली की मैला ओढणाऱ्या गाडीची ग्रामपंचायतीत चौकशी करा. चार घरांनी मिळून एकाच फेरीत बोलावली तर खर्च वाटला जातो. गाडी येईपर्यंत टाकीपाशी काडी ओढू नका, विडी पेटवू नका. आणि झाकण घट्ट बसवून वर जड दगड ठेवा; पोरे अंगणातच खेळत असतात.