उडवलेले रोहित

हल्ली भिगवणला छायाचित्रांसाठी जाणाऱ्यांची गर्दी फार. उजनीचे पाणी ओसरू लागले की उथळ जागा उघड्या पडतात आणि रोहित पक्ष्यांची पंगत बसते. मान खाली, चोच उलटी. पायांनी चिखल ढवळीत, पाणी गाळून ते खात असतात. तासन्‌तास पाहावे असे हे दृश्य आहे. परंतु आमच्या मंडळींना हवा असतो पंखांतला लाल रंग, आणि तो पक्षी उडाल्याशिवाय नीट दिसत नाही! मग नावाड्याला गळ घालायची, "दादा, होडी जरा आणखी पुढे घ्या."

एवढ्या अंगाच्या पक्ष्याला पाण्यावर धावत जाऊन उडावे लागते. दिवसातून असे कितीदा उठायचे? भारतातली त्यांची मोठी वीण होते कच्छच्या रणात. तिथवर जायची ताकद अशा खाण्यातूनच यायची. नावाड्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याचे पोट गिऱ्हाइकाच्या खुशीवर चालते. आमच्या प्रदर्शनात यंदा पहिले बक्षीस अशाच उधळलेल्या थव्याला मिळाले. थवा कशाने उठला, हे परीक्षकांनी विचारले नाही. पुढल्या वर्षी तेवढे विचारावे, आणि उत्तर 'होडीने' असे आले तर चित्र बाजूला ठेवावे.