गिरणीच्या भिंतीआड घर

जळगावात रेल्वे स्टेशनाजवळच खान्देश मिलची जागा. गिरणी उभी राहिली १८७०च्या दशकात. आज तिथे ‘खान्देश सेंट्रल’ आहे. जमीन राहिली, गिरणी गेली. धुळ्याची न्यू प्रताप मिल, अमळनेरची प्रताप मिल, गावोगावची जिनं, कापसाची गोदामं... एकेकाळी भोंग्यावर चालणारं खान्देशचं घड्याळ कधीच थांबलं.

पण यातल्या उरलेल्या इमारतींकडे नीट पाहा. हातभर जाडीच्या भिंती, उंच छत, काही ठिकाणी करवतीच्या दातांसारखं. त्यातली काच उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे उजेड येतो, ऊन नाही. पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या आपल्या मुलखात अशा इमारतीत घर कोणाला नको? न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत कलावंत राहू लागले आणि १९७१ मध्ये शहराने त्या वास्तव्याला कायदेशीर मान्यता दिली. आपण मात्र आधी पाडतो, मग सिमेंटच्या खुराड्यांत एसी लावतो. ही उधळपट्टी आहे.

जुन्या गिरण्यांत अशी घरं झाली, तर त्यांत गिरणी कामगारांच्या नातवंडांनाही परवडेल असा वाटा हवाच. तुमच्या गावात एखादं जुनं जिन, गोदाम अजून उभं असेल, तर त्याचा फोटो आणि माहिती आम्हाला कळवा. पाडकामाची नोटीस लागण्याआधी.