आकड्यासोबत कठड्याची उंचीही हवी

ऑक्टोबर हा पावसाळ्यानंतरच्या मोजणीचा महिना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं सध्या राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींवर टेप सोडून पातळी घेत आहेत. हे आकडे मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिले जातात आणि त्यावरून टंचाईचा अंदाज बांधला जातो. घट एक मीटरहून जास्त, दोन मीटरहून की तीन, त्यावर गावाचा गट ठरतो.

समजा, टेप विहिरीच्या कठड्यावरून सोडली आणि ७.४० मीटर वाचन आलं. कठडा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच. म्हणजे भूपृष्ठापासून पाणी ६.६० मीटरवर. ही वजाबाकी ठाऊक असलेल्या माणसाची बदली झाली आणि नव्याने ७.४० तसंच भरलं, तर पाणी जागेवर असूनही कागदावर विहीर ८० सेंटिमीटर आटते. गावाने कठडा वाढवून बांधला आणि कुणी ते नोंदवलं नाही, तरी तेच. मग हा आकडा पोर्टलवर चढतो, तिथून कुणाच्या तरी नकाशात जातो, आणि दोन विहिरींमधल्या जागेचं अंतर्वेशन करताना ती चूक आसपासच्या शिवारावरही पसरते. नकाशा पाहणाऱ्याला ती ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

पूर्वी आपला झगडा माहिती मिळवण्यासाठी होता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला सादर झाला. तो लोकांना वाचायला मिळायला मे २०१२ उजाडला, आणि त्यासाठी माहिती अधिकारापासून न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्यानंतर धोरणं पुष्कळ सैल झाली. १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढली. २०२२च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. दार उघडणं महत्त्वाचंच होतं. पण आत ठेवलेला आकडा कशापासून, कधी आणि कुणी मोजला हे सोबत नसेल, तर तो वापरणं धोक्याचं आहे.

तारखेचंच घ्या. राज्याची यंत्रणा पावसाळ्यानंतरची पातळी ऑक्टोबरमध्ये घेते, केंद्रीय भूजल मंडळ नोव्हेंबरमध्ये. आपल्या बेसाल्टमध्ये साठवण मुळातच थोडी, त्यात रब्बीचा उपसा सुरू झालेला. तेवढ्या महिनाभरात पातळी चांगलीच उतरू शकते. तरीही दोन्ही संच ‘पावसाळ्यानंतर’ या एकाच रकान्यात घालून काढलेले नकाशे आपल्याकडे सर्रास दिसतात. जुन्या टोपोशीटवरून घेतलेले एव्हरेस्टचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ समजून वापरले, तर विहीर शंभरएक मीटर सरकून ओढ्याच्या पलीकडे, दुसऱ्याच पाणलोटात जाऊ शकते. गावांच्या नावांबद्दल तर बोलायलाच नको. वडगावं किती आहेत ते प्रत्येकाला माहीत आहे, तरी गावाचा कोड लिहायचा कंटाळा सुटत नाही.

युरोपीय संघाने २००७ साली इन्स्पायर निर्देश लागू केला. पर्यावरणाशी निगडित ३४ विषयांची स्थानिक माहिती सदस्य देशांनी एकमेकांना वापरता येईल अशी ठेवायची, हा त्याचा गाभा. तिथे मेटाडेटाची मुदत आधी ठेवली, सगळी माहिती एका साच्यात बसवण्याची त्यानंतर. त्या साच्यांच्या किचकटपणाबद्दल तिथल्या लोकांनी बऱ्याच तक्रारी केल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. मात्र हा क्रम आपण जसाच्या तसा घ्यायला हवा.

यासाठी दिल्लीच्या किंवा मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचं कारण नाही. मोजणी बिंदूची उंची, मोजणीची तारीख, डेटम, गावाचा कोड, मोजणाऱ्या कार्यालयाचं नाव: हे पाच रकाने क्षेत्रीय कर्मचारी आजच्या आज भरू शकतो. शेपफाइल पाठवताना सोबतची पीआरजे फाइल गाळायची आपली सवय तर उद्याच मोडता येईल. जानेवारीच्या अंकापासून या मासिकात भूजल पातळीचा कोणताही नकाशा या पाच नोंदींशिवाय छापला जाणार नाही. लेखकांनी नकाशासोबत त्या पाठवाव्यात. ज्या मिळाल्या नाहीत, त्यांच्यापुढे ‘उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहावं.